बी, बेवड आणि मशागत: गुणवत्तेच्या प्रश्नाची धार्मिक बाजू

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला विचारतो की सगळी माणसे सारखी का नसतात. काही अल्पायुषी तर काही दीर्घायुषी, काही हीन कुळातली तर काही उच्च कुळातली, काही मंदबुद्धीची तर काही प्रज्ञावंत, असा भेद का पडतो? नागसेन उलट विचारतो की सगळ्या वनस्पती तरी एका चवीच्या कुठे असतात, काही आंबट, काही तिखट, काही गोड का निपजतात? बी वेगळे म्हणून, असे राजा म्हणतो आणि नागसेन तोच दृष्टान्त पुढे नेऊन सांगतो की माणसामाणसांतला भेदही ज्याच्या त्याच्या कर्माच्या भिन्नतेतून उपजतो. राजाचे समाधान होते आणि संवाद पुढे सरकतो. परंतु हा प्रश्न इतक्या लवकर मिटण्यासारखा नव्हता, हे पुढच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासाने दाखवून दिले.

मराठवाड्यात हा प्रश्न ग्रंथापुरता उरलेला नाही. लातूर आणि नांदेड या दोन शहरांत निकालाच्या दिवसांत चौकाचौकांत फलक लागतात, त्यांवर मुलामुलींची छायाचित्रे आणि त्यांखाली गुणांचे आकडे असतात, आणि ते वाचणारा प्रत्येक जण नकळत राजा मिलिंदाचाच प्रश्न विचारत असतो: हे वर का आणि ते खाली का? या प्रश्नाचे रूढ उत्तर ‘गुणवत्ता’ या एका शब्दात दिले जाते. बोलीत त्यालाच ‘मेरिट’ म्हणतात, आणि ‘मेरिटवर लागला’ व ‘कॅटेगरीतून लागला’ अशी जी विभागणी सहज तोंडी येते, तिच्यात काही माणसांची जागा ही त्यांची स्वतःची कमाई आणि इतरांची जागा ही त्यांना मिळालेली सवलत असा निवाडा आधीच होऊन गेलेला असतो. हा निवाडा वरकरणी शैक्षणिक असला तरी त्याच्या मुळाशी एक जुनी धर्मकल्पना आहे, आणि ती बाजूला काढून पाहिल्याखेरीज विज्ञान व शिक्षण या क्षेत्रांतील समतेचा विचार पुरा होत नाही.

ती कल्पना दोन पायऱ्यांनी उभी राहते. पहिली पायरी कर्मसिद्धान्ताची, म्हणजे आजची स्थिती ही पूर्वजन्मीच्या कृत्यांचे फळ होय या मताची. दुसरी पायरी ‘अधिकार’ या संकल्पनेची. येथे अधिकार म्हणजे सत्ता नव्हे, तर एखादी विद्या शिकण्याची पात्रता. पहिली पायरी भेदाचे स्पष्टीकरण देते, दुसरी त्या भेदाचे निषेधात रूपांतर करते. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील ‘अपशूद्राधिकरण’ या प्रकरणात शूद्राला वेदविद्येचा अधिकार आहे काय, याची चर्चा येते. छांदोग्य उपनिषदात रैक्व जानश्रुतीला शूद्र म्हणून हाक मारतो आणि तरीही त्याला विद्या देतो, ही अडचण भाष्यकारांसमोर होती. ती दूर करण्यासाठी शूद्र या शब्दाची व्युत्पत्ती शोकाशी जोडण्यात आली आणि उपनयन नसल्यामुळे शूद्राला अध्ययनाचा अधिकार नाही, हा निष्कर्ष कायम ठेवण्यात आला. त्यानंतर शंकराचार्यांच्या भाष्यात आणखी एक शंका निस्तरावी लागते. महाभारतातील विदुर आणि मांसविक्रीवर जगणारा धर्मव्याध हे तर ज्ञानी होते, त्यांचे काय? उत्तर असे दिले जाते की त्यांना ज्ञान झाले ते पूर्वजन्मी केलेल्या संस्कारांच्या बळावर.

ही युक्ती बारकाईने पाहण्याजोगी आहे. वंचित समूहातील एखाद्याचे ज्ञान नाकारता येत नाही, तेव्हा त्या ज्ञानाचे श्रेय त्याच्या या जन्मीच्या कुळाला वा परिश्रमाला न देता एका अदृश्य पूर्वसंचिताकडे वळवले जाते, आणि त्यामुळे विदुर ज्ञानी ठरूनही विदुराच्या भाऊबंदांवरील बंदी जशीच्या तशी राहते. कर्तृत्व मान्य करायचे, परंतु ते ‘अपवाद’ म्हणून, आणि अपवाद मान्य करून नियम वाचवायचा, ही पद्धत पुढे अनेक रूपांत आढळते.

या पद्धतीला भारतीय परंपरेतच विरोधही झाला. ‘सुत्तनिपाता’तील वासेट्ठसुत्तात बुद्ध गवत, झाडे, कीटक, साप, मासे आणि पक्षी यांच्यातील जातिभेद त्यांच्या शरीरावरील खुणांवरून ओळखता येतात असे सांगतो आणि माणसांत मात्र अशी जातीची खूण कोठेही आढळत नाही, माणसांतील भेद हे केवळ व्यवहारातली नावे आहेत, असे प्रतिपादन करतो. आजच्या भाषेत सांगायचे तर तेथे जीवजाती आणि समाजाने पाडलेल्या जाती यांतील फरक केला आहे. वज्रसूची हा जन्माधिष्ठित श्रेष्ठत्वाचे तर्काने खंडन करणारा संस्कृत ग्रंथ सतराव्या शतकात संत बहिणाबाईंनी मराठीत आणला. लातूरपासून फार दूर नसलेल्या कल्याण नगरीत बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणमंडळींनी जातिबंधन मोडणारा विवाह घडवला, आणि त्याची किंमत मोजली. नांदेडला १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी ज्या ग्रंथाला गुरुपद दिले, त्या गुरू ग्रंथसाहिबात मराठी मुलखातल्या नामदेव शिंप्याची ६१ पदे आहेत आणि कबीर विणकर व रविदास चर्मकार यांची वाणी आहे. गोदेच्या काठी या ग्रंथासमोर आजही सर्व जण जमिनीवर एका पंगतीत बसतात.

मग एवढी परंपरा असूनही शाळेचे दार बंद का राहिले? याचे कारण असे की भक्तिपरंपरेने जी समता दिली ती मुख्यतः ईश्वरासमोरची होती. मोक्षाचा अधिकार सर्वांना मिळाला, पण हिशेब, वैद्यक, न्याय आणि शास्त्र यांचा अधिकार जुन्याच ठिकाणी राहिला. चोखामेळा संत म्हणून वंदनीय झाले, परंतु त्यांच्या वस्तीतील मुलाला अक्षरओळख मिळाली नाही, कारण संतपद हाही पुन्हा एक अपवादच ठरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला १९४८ सालचा इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला, तेव्हा त्यांनी या संतांचा मान राखला; पण समतेचा पाया मात्र त्यांनी अपवादात्मक पुण्याईवर घातला नाही, संस्था आणि कायदा यांवर घातला.

एकोणिसाव्या शतकात पूर्वकर्माची जागा वंशाने घेतली. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टनने १८६९ साली प्रतिभा ही कुळातून उतरते असे मांडणारा ग्रंथ लिहिला, आणि भारतात १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख असलेल्या हर्बर्ट रिस्लेने नाकाची रुंदी व उंची यांच्या गुणोत्तरावरून, म्हणजे नासिकानिर्देशांकावरून, जातींची उतरंड वंशभेदाने सिद्ध होते असा दावा केला. धर्मशास्त्राने जे पूर्वजन्मावर टाकले होते ते आता कवटीवर आणि नाकावर टाकले गेले. या मताची तपासणी करणाऱ्यांत एक मराठी संशोधिका होती. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. फिशर हे पुढे नाझी वंशविचाराचे एक आधारस्तंभ ठरलेले मानववंशशास्त्रज्ञ. युरोपीय गोऱ्यांची बुद्धी श्रेष्ठ असल्याने त्यांच्या कवटीच्या दोन बाजूंत विशिष्ट असमानता आढळेल, असे गृहीतक कर्वे यांच्यासमोर होते. त्यांनी निरनिराळ्या मानवसमूहांच्या कवट्या मोजल्या आणि अशा असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष मार्गदर्शकाची अपेक्षा काय होती याची पर्वा न करता प्रबंधात नोंदवला. इकडे आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिभेदनिर्मूलन’ या न झालेल्या भाषणात दाखवून दिले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांचा वंश एकच आहे, तेव्हा जात ही वंशाची विभागणी नसून एकाच वंशातील लोकांची सामाजिक विभागणी आहे.

याच भाषणात गुणवत्तेचे पृथक्करण आहे, आणि प्रस्तुत विवेचनाचा तो कणा होय. आंबेडकरांच्या मते माणसाचे सामर्थ्य तीन गोष्टींवर अवलंबून असते: जन्मजात शारीरिक वारसा, आईबापांची देखभाल, शिक्षण, साठत आलेले ज्ञान असा सामाजिक वारसा, आणि स्वतःचे प्रयत्न. प्रयत्नांच्या भेदानुसार फळात भेद पडावा हे त्यांना मान्य आहे, परंतु पहिल्या दोन बाबतींत जे आधीच पुढे आहेत त्यांनाच शर्यतीत झुकते माप मिळाले, तर ती निवड कर्तबगारांची न होता सुदैवींची होते. मराठवाड्याच्या शेतकऱ्याला हे तीन घटक वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. त्याच्या भाषेत ते बी, बेवड आणि मशागत आहेत. आधीच्या पिकाने जमिनीत जो कस मागे ठेवलेला असतो त्याला बेवड म्हणतात. तुरीचा किंवा हरभऱ्याचा बेवड असलेल्या रानात पुढचे पीक जोमाने येते आणि तेच बी थकलेल्या रानात खुरटते. नागसेनाचा दृष्टान्त बियाशी थांबला. काळ्या रानात पेरणी करणारा कोणीही तेथे थांबला नसता.

आंबेडकरांनी मराठवाड्यात जे महाविद्यालय काढले, त्याचे नाव या संदर्भात विशेष अर्थपूर्ण ठरते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे हे महाविद्यालय १९५० साली औरंगाबादला सुरू झाले आणि पुढे त्याला मिलिंदाचे नाव मिळाले. नागसेनाने वाद सुरू होण्याआधी अट घातली होती की वाद पंडितांच्या रीतीने व्हावा, राजांच्या रीतीने नव्हे, कारण पंडित खोडून काढले गेल्यावर रागावत नाहीत आणि राजे विरोधकाला शिक्षा करतात. विद्वत्तेचा गर्व असलेल्या राजाने ही अट पाळून हार मान्य केली, म्हणून बौद्धिक प्रामाणिकपणाचे प्रतीक या नात्याने ते नाव निवडले गेले. परंतु ज्या ग्रंथातील राजाचे नाव महाविद्यालयाला मिळाले, त्याच ग्रंथात विषमतेचे कारण पूर्वकर्म म्हणून सांगितले आहे, ही अडचण नजरेआड करता येत नाही. आंबेडकरांनीही ती केली नाही. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बुद्धाचा कर्मविचार हा याच जीवनातील नैतिक व्यवस्थेचा नियम आहे, जन्मोजन्मीच्या दैवाचा नाही, असे मांडून त्यांनी पूर्वकर्माचा सिद्धान्त गरिबांच्या दैन्याची जबाबदारी समाजावरून उचलून गरिबांवरच टाकतो, हा आक्षेप नोंदवला.

हा अर्थ परंपरेवर बाहेरून लादलेला आहे, असे म्हटले जाते. पण तेही सर्वस्वी खरे नाही. संयुत्त निकायातील सीवकसुत्तात बुद्ध मोलिय सीवकाला सांगतो की माणसाच्या वाट्याला येणारी सुखदुःखे पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतूंतील बदल, विषम आचरण, बाहेरून होणारा आघात आणि कर्मविपाक अशा आठ कारणांनी येतात, आणि सारे काही पूर्वकृत्यांमुळेच असे म्हणणारे आपल्याला माहीत असलेल्याच्या पलीकडे धावतात. विशेष म्हणजे ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथातच अन्यत्र, देवदत्ताने लोटलेल्या शिळेचा तुकडा लागून बुद्धाच्या पायाला जखम झाली त्या प्रसंगाची चर्चा करताना, नागसेन हीच आठ कारणांची यादी देतो. म्हणजे आठांपैकी एक कारण कर्माचे. उरलेली सात शरीराची, हवामानाची आणि इतरांच्या वागण्याची. परंपरेच्या आतच बियाचे उत्तर आणि रानाचे उत्तर अशी दोन्ही उत्तरे आहेत, आणि समाजाने आपल्या सोयीचे पहिले तेवढे उचलले.

मराठवाड्याला थकलेल्या रानाचा अनुभव नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामी राज्यात होता आणि उच्च शिक्षणाच्या सोयी नाममात्र होत्या. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० साली आणि मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली सुरू झाले. त्या विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांची हत्या झाली, आणि सोळा वर्षे रखडलेल्या त्या लढ्याच्या अखेरच्या टप्प्यात, नोव्हेंबर १९९३ मध्ये, नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. एका नावासाठी एवढे रक्त का सांडावे, असे तेव्हा अनेकांनी विचारले. कोलंबिया आणि लंडन येथील डॉक्टरेट असलेल्या विद्वानाची योग्यता अपुरी आहे, असे कोणालाच म्हणता येत नव्हते, आणि वादाचे मर्म नेमके तेच होते. अपवाद म्हणून तो विद्वान मान्य होता. ज्ञानपीठाच्या कमानीवरचा नियम म्हणून तो मान्य नव्हता.

या पार्श्वभूमीवर ‘लातूर पॅटर्न’चा अर्थ लावला पाहिजे. लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली स्थापन झाले. ज्या राजाने २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानातील नोकऱ्यांच्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, त्याचे नाव त्याला मिळाले. तेथील प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या काळात या नावाने ओळखली जाणारी जी अध्यापनपद्धती घडली ती तशी साधीच आहे: अभ्यासक्रम लवकर संपवणे, सरावपरीक्षांचा रतीब घालणे, उत्तरपत्रिका तपासून मुलाच्या हाती परत देणे, कच्चे राहिलेले पुन्हा शिकवणे आणि सुटीतही वर्ग भरवणे. या पद्धतीने दुष्काळी भागातील मुले मंडळाच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या मुलांच्या पुढे गेली, तेव्हा मराठवाड्याच्या मुलांच्या बुद्धीविषयी जो पूर्वग्रह राज्यात होता, तो गळून पडला. बी तेच होते, फक्त बेवड बदलला होता. याच डॉ. वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो: साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या आत्मशोधाची ओळख मराठी वाचकांना करून दिली, आणि पुढे ते नांदेडच्या नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.

अमेरिकेचा उल्लेख येथे आणखी एका कारणाने आवश्यक आहे. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ या १९८१ सालच्या चरित्रामुळे गुलाम आईच्या पोटी जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी घराघरांत पोहोचला. त्वचेच्या रंगावरून एका महाविद्यालयाने त्याला दारातून परत पाठवले, पुढे आयोवात त्याने कृषिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आणि १८९६ पासून टस्कीगी येथे कापसाने थकवलेल्या जमिनीत भुईमूग व चवळी घेऊन नत्र कसे परत आणता येते, हे गरीब शेतकऱ्यांना शिकवण्यात आयुष्य घालवले. कापूस, भुईमूग आणि कसदार बेवड यांची गोष्ट मराठवाड्याला परकी नाही. तरीही हे चरित्र वाचून डोळे पुसणाऱ्या घरात ‘कोट्यातला डॉक्टर’ हा शब्दप्रयोग त्याच दिवशी होऊ शकतो. दूरदेशीचा अपवाद प्रिय वाटतो, कारण तो स्थानिक नियमाला हात लावत नाही.

नियमाला हात लावणारा पुरावा मात्र वेगळा असतो. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञ संशोधिकांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना, त्यांत निम्मे उच्च जातींचे आणि निम्मे दलित, कागदावरची चक्रव्यूहासारखी कोडी सोडवायला दिली. जातींचा उच्चार न करता मुले बसवली तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी जवळपास सारखी आली. सर्वांसमोर नाव, गाव आणि जात पुकारल्यावर दलित मुलांची कामगिरी सुमारे पाचव्या हिश्श्याने घसरली. कोडी आणि बक्षीस तेच होते; फक्त एक शब्द पुकारला गेला होता. सीवकसुत्ताच्या यादीतील ‘बाहेरून होणारा आघात’ या कारणाचे यापेक्षा नेमके उदाहरण सापडणे कठीण आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. गुणवत्ता हा सामाजिक वारशाचा परिणाम मानला, तर रात्र रात्र जागून अभ्यास करणाऱ्याच्या कष्टाला किंमत काय राहते? वैद्यकीय प्रवेशासाठीच्या नीट परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकलेल्याला एक वजा होतो, त्यामुळे एका गोलाचा फरक पाच गुणांचा पडतो, आणि लाखो परीक्षार्थींत तेवढ्याने क्रमांक हजारोंनी खाली जातो. लातूर-नांदेडच्या खोल्यांत राहून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा परीक्षा देणाऱ्या ‘रिपीटर’ मुलाला हे पाच गुण म्हणजे आपल्या एका वर्षाचे मोल वाटते, आणि ते वाटणे खोटे नाही. परंतु आंबेडकरांचे पृथक्करण प्रयत्नाला नाकारत नाही, उलट त्यालाच एकमेव न्याय्य आधार मानते. अडचण एवढीच की उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राला मशागत आणि बेवड यांतला फरक कळत नाही. क्लासची फी, खोलीचे भाडे, घरात आधी शिकलेले कोणी असणे आणि एक वर्ष कमाईविना काढण्याची ऐपत, हे सारे त्या पाच गुणांत मिसळलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये नीटच्या अखिल भारतीय कोट्यातील इतर मागासवर्गीयांचे आरक्षण वैध ठरवताना हेच तत्त्व मांडले की स्पर्धापरीक्षेतील गुण सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक लाभांचे प्रतिबिंब टिपत नाहीत, आणि म्हणून गुणवत्तेचा अर्थ सामाजिक संदर्भात लावला पाहिजे. यातून लातूर पॅटर्नपुढेही एक प्रश्न उभा राहतो: जी पद्धत मागास प्रदेशाचा बेवड सुधारण्यासाठी जन्मली, ती महाग होत गेली, तर ज्याचे रान आधीच कसदार आहे त्याच्याच शेतात खत पडेल.

यावरून असे दिसते की समतेची कसोटी वंचितांमधून किती असामान्य माणसे निघाली, ही नव्हे. विदुर, चोखामेळा, कार्व्हर आणि आंबेडकर यांचे कर्तृत्व कोणत्याही व्यवस्थेला पचवता येते, कारण असामान्यांना अपवादाच्या खात्यात टाकण्याची सोय सर्व व्यवस्थांनी आधीच करून ठेवलेली असते. खरी कसोटी म्हणजे त्या खात्यात जे मावत नाहीत, ते संख्येने पुष्कळ असलेले सामान्य लोक: एखाद्या तांड्यावरची किंवा वस्तीवरची मुलगी, जी यादीत मध्येच कोठेतरी असते, फलकावर जिचे छायाचित्र येत नाही, जी साधी चांगली डॉक्टर किंवा बेताची प्राध्यापक होते, आणि जिला आपण तेथे का आहोत याचा खुलासा आयुष्यभर कोणालाही द्यावा लागत नाही. उच्च कुळातील सामान्य माणसाला ही मोकळीक सदैव होती. त्याच्या सामान्यपणावरून त्याच्या कुळाची परीक्षा कधी झाली नाही. राजा मिलिंदाने जर आज पुन्हा विचारले की माणसे सारखी का नसतात, तर पंडितांच्या रीतीने वाद करणाऱ्याला बियाविषयी बोलण्याआधी रान दाखवावे लागेल, आणि ते रान कोणी, किती पिढ्या, कशासाठी पडीक ठेवले, याचे उत्तर या जन्मातल्याच माणसांकडे मागावे लागेल.